स्पेस सिमसाठी फ्लाइट स्टिक घ्यायची का गेमपॅडवरच भागवायचं

एलिट डेंजरस नाहीतर स्टार सिटिझन, म्हणजे अवकाशयान उडवायचे स्पेस सिम गेम, सुरू केला की आठवड्याभरात सगळ्यांना एकच खाज सुटते, आता जॉयस्टिक पाहिजे. मग कोणाचातरी सेटअप व्हिडिओत बघायचा, दोन हातांत दोन स्टिक, पायाखाली पेडल, समोर तीन मॉनिटर, आणि आपण घोडबंदर रोडला वन बीएचकेच्या हॉलमध्ये छोट्याशा टेबलावर बसून कार्टमध्ये काय काय टाकत सुटतो. आमच्या खेळणाऱ्या मंडळींत ठाणे, ऐरोली, खारघर असे विखुरलेले लोक आहेत आणि अधूनमधून कोणीतरी नवीन येऊन हेच विचारतो, स्टिक घेऊ का कंट्रोलर (म्हणजे गेमपॅडच), म्हणून म्हटलं एकदाच सगळं लिहून ठेवू, पुढच्याला सरळ हेच पाठवायचं.

उजव्या हातात काय घ्यायचं याचा विचार सगळेच करतात, पैसे वाया जातात ते डाव्या हातामुळे. डावा हात काय करणार हे ठरलं नसेल तर स्टिक घेऊ नका, एवढंच माझं म्हणणं आहे, खाली सगळं त्याच्यावरच आहे.

आधी हिशेब. स्पेस सिममधलं शिप सहा प्रकारे हलतं. तीन वळण्याचे प्रकार, म्हणजे नाक वर-खाली करणं त्याला पिच, नाक डावी-उजवीकडे नेणं तो यॉ, आणि जागच्या जागी कुशीवर गोल फिरणं तो रोल. आणि तीन सरकण्याचे, पुढे-मागे, डावी-उजवीकडे, वर-खाली. विमानाला हे बाजूला सरकणं वगैरे जमत नाही, म्हणून विमानासाठी बनवलेली एकटी स्टिक तिथे पुरते आणि इथे अपुरी पडते. आता मोजा. एक्सबॉक्सच्या साध्या कंट्रोलरवर अंगठ्याने हलवायच्या दोन काड्या, प्रत्येकीचे दोन दिशांची हालचाल कमी-जास्त मोजणारे दोन अ‍ॅक्सिस, झाले चार, वर दोन ट्रिगर तेसुद्धा अ‍ॅनालॉग, हळू दाबला तर हळू जोरात दाबला तर जोरात. लॉजिटेकची एक्स्ट्रीम थ्रीडी प्रो, जी आपल्याकडे बहुतेकांची पहिली स्टिक असते, तिच्यावर काय आहे? स्टिकचे दोन, दांडा पिळला की तिसरा, खाली बारीक थ्रॉटलची, म्हणजे स्पीड कमी-जास्त करायची, पट्टी तो चौथा. संपलं. म्हणजे गेमपॅड विकून एकटी स्टिक आणली तर अ‍ॅक्सिस वाढत नाहीत, उलट दोन ट्रिगर गेले, आणि डावा हात कीबोर्डवर जाऊन बसला जिथे प्रत्येक की एकतर चालू नाहीतर बंद, अधलंमधलं काही नाही.

मग लोक स्टिकवर एवढे फिदा का? कारण हालचालीचं अंतर. कंट्रोलरची काडी अंगठ्याखाली जेमतेम इकडून तिकडे हलते, स्टिकचा दांडा उंच असतो, मनगट आणि हात मिळून तो बराच लांब जातो, त्यामुळे थोडंसंच वळवायचं असेल तर ते थोडंसं खरंच करता येतं. लांबचं टार्गेट बारीक आडव्या रेषेवर धरून ठेवायचं असेल तेव्हा हा फरक जाणवतो. पण हेही लगेच सांगतो की हा फरक सगळीकडे कामाचा नाही. एलिटमध्ये फिक्स्ड गन लावल्या असतील तर नेम तुम्हालाच धरावा लागतो, गिम्बल्ड लावल्या तर गन स्वतःच थोडी वळून टार्गेट पकडते, आणि मग गेमपॅडवाला आणि स्टिकवाला जवळजवळ बरोबरीत येतात. गेमपॅडवर खेळणाऱ्याने गिम्बल्डच लावाव्यात, उगाच मर्दानगी दाखवायला जाऊ नये.

आता डावा हात. याचे तीन पर्याय आहेत, थ्रॉटल, दुसरी स्टिक, किंवा कीबोर्ड. निवडताना स्वतःला विचारायचं की हात सोडला की काय व्हायला पाहिजे. थ्रॉटल जिथे ठेवला तिथेच राहतो. स्टिक हात सोडला की मध्यावर परत येते, स्प्रिंग असते. ऐकायला किरकोळ वाटतं पण अख्खा निर्णय इथेच आहे.

एलिटमध्ये शिपला एक स्पीड ठरवून द्यायचा असतो आणि तो तसाच राहतो. स्पीडच्या पट्टीत मधे एक निळा भाग असतो, त्यात स्पीड ठेवला की शिप सगळ्यात चपळ वळतं, म्हणून लढताना लोक थ्रॉटल मधेच कुठेतरी अडकवून ठेवतात आणि तो हात दुसऱ्या बटणांना मोकळा होतो. सुपरक्रूझमध्ये, म्हणजे लांबचं अंतर कापायच्या वेगवान मोडमध्ये, स्टेशनकडे जाताना पोचायला साधारण सात सेकंद दाखवले की थ्रॉटल ७५ टक्क्यांवर आणायचा ही जुन्या खेळाडूंची ठरलेली पद्धत आहे, लूप मारून परत यावं लागत नाही. हे सगळं खऱ्या थ्रॉटलवर हाताला कळतं, स्क्रीनकडे बघावं पण लागत नाही. गेमपॅडवर हेच काम बटणाने टप्प्याटप्प्याने स्पीड वाढवून-कमी करून होतं, होत नाही असं नाही, ७५ टक्क्यांसाठी वेगळं बटणच लावता येतं आणि मी तर म्हणतो लावाच. पण मजा थ्रॉटलमध्ये आहे. शिवाय एलिटमध्ये यॉ मुद्दाम मंद ठेवलाय, वळायचं तर आधी रोल मारायचा आणि मग पिच ओढायचा, विमानासारखं, त्यामुळे उजव्या हातात स्टिक आणि डाव्या हातात थ्रॉटल ही जी जोडी, जिला सगळे होटास म्हणतात, ती एलिटला अगदी फिट बसते.

स्टार सिटिझनचं उलटं. तिथे डीकपल्ड मोड लावून शिप एका दिशेला वाहत असताना नाक दुसरीकडे करून गोळ्या मारायच्या, सतत बाजूला सरकत राहायचं, नाहीतर समोरचा टिपतो. इथे डाव्या हाताला पुढे-मागे, आजूबाजू, वर-खाली तिन्ही सरकणी पाहिजेत आणि हात सोडला की ढकलणं थांबलं पाहिजे. थ्रॉटल मागेपुढे करताना बरोबर शून्यावर आणणं ही तिथे डोकेदुखी होते, म्हणून तिथले गंभीर खेळाडू दोन स्टिक वापरतात, होसास. व्हीकेबी कंपनीची ग्लॅडिएटर स्टिक डाव्या हाताची पण मिळते, आणि डाव्या स्टिकला पुढे झुकवून थ्रॉटलसारखी धरता येईल असा ऑम्नी थ्रॉटल नावाचा प्रकार पण त्यांच्याकडे आहे. थ्रस्टमास्टरची टी.१६०००एम तर एकच स्टिक दोन्ही हातांना चालते, अंगठ्याजवळचे भाग बदलायचे आणि खालचा स्विच फिरवायचा, त्यामुळे दोन स्टिक स्वस्तात जमवायच्या तर बरेच जण दोन टी.१६०००एम घेतात. आणि एक गंमत बघा, दोन स्टिकचा सेट म्हणजे शेवटी काय, मोठा केलेला गेमपॅडच की! दोन काड्या, दोन्ही मध्यावर परत येणाऱ्या. म्हणून डीकपल्ड उडवायला गेमपॅडवर शिकलेला माणूस पुढे दोन स्टिकवर पटकन रुळतो, होटासवरून आलेल्याला जास्त वेळ लागतो.

बाकीचे गेम पटपट. स्टार वॉर्स स्क्वॉड्रन्स, २०२० चा, कंट्रोलरवर अगदी छान चालतो, पॉवर इंजिन-लेझर-शिल्डमध्ये फिरवायची ती डी-पॅडवर, म्हणजे अधिकच्या चिन्हासारख्या बटणावर, बसते, स्टिक असली तर कॉकपिटचा फील येतो पण नसली म्हणून अडत नाही. एव्हरस्पेस २ ला गेमपॅड किंवा माउस, विषय संपला. नो मॅन्स स्काय मध्ये अर्धा वेळ तर तुम्ही ग्रहावर पायी दगड फोडत असता, त्याच्यासाठी स्टिक घेणं म्हणजे पैशाचा माज. एक्स४ फाउंडेशन्स मध्ये नकाशा आणि मेनू एवढे आहेत की माउस हाताला लागतोच, स्टिक घेतली तरी माउस जवळ पाहिजे. आणि स्पेस गेम म्हणजे जॉयस्टिक हवीच असं ज्याला वाटतं त्याला सांगा, २००३ चा फ्रीलान्सर, ज्याचं काम विंग कमांडर हे जुने स्पेस गेम करणाऱ्या ख्रिस रॉबर्ट्सने सुरू केलं होतं, तो जॉयस्टिकला सपोर्टच करत नव्हता, सगळं माउसवर. आज तोच माणूस स्टार सिटिझन करतोय आणि लोक त्याच्यासाठी टेबलाला क्लॅम्प मारतायत.

पायी चालण्यावरून आठवलं, हे कोणी लक्षात घेत नाही. एलिटमध्ये २०२१ च्या ओडिसीपासून शिपमधून उतरून चालता, गोळ्या मारता येतं, स्टार सिटिझनमध्ये तर बिछान्यातून उठल्यापासून चालायचंच असतं. चालताना कीबोर्ड-माउस लागतो. मग स्टिक टेबलाच्या बरोबर मधे असेल तर दर दहा मिनिटांनी उचलापाचल. गेमपॅडला ही कटकट नाही, मांडीवर टाकला की दोन्ही हात मोकळे.

आणि इथून खरा ठाणे-नवी मुंबईचा प्रॉब्लेम चालू होतो, जागा. ज्या टेबलावर गेम तेच टेबल दिवसा ऑफिसच्या लॅपटॉपला, महापे-ऐरोलीच्या आयटीवाल्यांचं आठवड्यातले काही दिवस घरूनच चालतं. म्हणजे होटास रोज काढा, रोज लावा, वायरी सोडवा. रोज काढून लावावी लागणारी वस्तू महिन्या-दोन महिन्यांत माळ्यावर जाते हे आपल्या सगळ्यांच्या घरचं आहे, बघा हवं तर तुमच्या माळ्यावर व्यायामाचं काय काय पडलंय. त्यामुळे टेप घेऊन मोजा. कीबोर्ड, माउस आणि दोन बेस एकाच वेळी मावतात का, आणि मावले तर कोपर टेकतं का. टेबलाच्या पृष्ठभागावर स्टिक ठेवली की दांड्याची मूठ बरीच वर येते, खांदा उचलला जातो, तासाभरात मान आखडते. मूठ कोपराच्या उंचीला आली पाहिजे, म्हणजे बेस टेबलाच्या खाली गेला पाहिजे. आपल्याकडच्या कॉम्प्युटर टेबलाला कीबोर्डचा ओढायचा ट्रे असतो तो उंचीला बरोबर असतो, पण जोरात पिच ओढला की ट्रेच बाहेर येतो, तर त्याच्या चॅनेलला आतून एक स्टॉपर लावून घ्या. नाहीतर टेबलाच्या कडेला लावायचे क्लॅम्प मिळतात, महाग असतात. त्यापेक्षा सोसायटीत ज्याच्याकडून किचन ट्रॉली करून घेतली त्या सुताराला अठरा एमएमच्या प्लायची एक फळी टेबलाच्या पायाला खालून बसवून द्यायला सांगा, बोल्ट मारून काढता-घालता येईल अशी. हलक्या बेसची स्टिक तशीही सरकते, खाली वेल्क्रो लावाच, व्हॅक्यूमचे रबर सनमायकावर थोडा वेळ धरतात आणि ऐन लढाईत सुटतात.

हे सगळं वाचून कंटाळा आला असेल तर तुमचं उत्तर गेमपॅड आहे, त्यात काही कमीपणा नाही.

सेन्सरचं जरा नीट समजून घ्या कारण पुढची दोन-तीन वर्षं यावर आहेत. साध्या स्टिकमध्ये आणि एक्सबॉक्स, प्लेस्टेशनच्या नेहमीच्या कंट्रोलरमध्ये पोटेन्शिओमीटर असतो, कार्बनच्या पट्टीवर एक टोक घासत फिरतं, जुन्या रेडिओच्या व्हॉल्यूमच्या बटणात असतो तसाच. घासून घासून आणि धूळ बसून तो खरखरतो, मग हात न लावता शिप आपलं आपण वळायला लागतं, ड्रिफ्ट. हॉल इफेक्टमध्ये लोहचुंबक आणि सेन्सर, घासणं नाही, त्यामुळे तो भाग झिजतच नाही. टी.१६०००एमच्या मुख्य दोन अ‍ॅक्सिसना हॉल सेन्सर आहे, पण पिळण्याचा अ‍ॅक्सिस पोटेन्शिओमीटरवरच आहे, आणि स्वस्त-मध्यम स्टिकमध्ये आधी खराब होतो तो बहुतेक पिळण्याचाच. गेमपॅडमध्ये एटबिटडू, गेमसर यांच्या काही मॉडेलांत हॉल इफेक्ट काड्या मिळतात, बॉक्सवर तसं लिहिलंय का बघून घ्या. आपल्याकडे खाडीची दमट हवा, जून ते सप्टेंबर कपडे वाळत नाहीत, वर मेट्रोच्या आणि नवीन टॉवरच्या कामांची धूळ, त्यामुळे हा मुद्दा कोरड्या गावातल्या माणसापेक्षा आपल्याला जास्त लागू. खेळून झालं की सुती कापड टाकून ठेवा, पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवलं तर आणखी चांगलं. पोटेन्शिओमीटर खरखरायला लागलाच तर इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे मिळतो, प्लग काढून, थोडा मारून, स्टिक गोल गोल फिरवून, पूर्ण वाळू देऊन मग लावायची, बऱ्याचदा आणखी काही महिने निघतात.

पैशाचं. एक्सबॉक्सचा ओरिजिनल कंट्रोलर साधारण पाच-सहा हजारांच्या घरात, थ्रॉटलसकट बरा होटास सेट घ्यायचा तर त्याच्या काही पट. व्हीकेबी, विरपिल अशा कंपन्यांची स्टिक बाहेरून मागवली तर शिपिंग आणि कस्टम ड्युटी वरून लागते, आणि वॉरंटीसाठी परत पाठवायची वेळ आली तर तो खर्च पण धरून चला. मॉलमधल्या शोरूममध्ये गेमपॅड हातात घेऊन बघता येतो, फ्लाइट स्टिक मांडलेली क्वचित दिसते. लॅमिंग्टन रोडला, मुंबईतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, जायचं असेल तर ठाण्याहून दादरला बदलून ग्रँट रोड, पण आधी फोन करून आहे का विचारा आणि रविवारी जाऊ नका, बरीच दुकानं बंद असतात.

सेकंडहँड स्टिक हा मला तरी सगळ्यात शहाणा मार्ग वाटतो, कारण हौसेने घेऊन कंटाळलेले लोक भरपूर आहेत, वस्तू जवळजवळ नवीच असते. फक्त स्टेशनबाहेर उभ्या उभ्या पैसे देऊन निघू नका. चार्ज केलेला लॅपटॉप घेऊन जा, कुठेतरी चहाच्या टेबलावर बसा, विंडोज आणि आर दाबून जॉय डॉट सीपीएल टाइप करा, त्यात स्टिक निवडून प्रॉपर्टीज उघडा. हात काढल्यावर फुली मधे थांबते का थरथरते. अगदी हळू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न्या, फुली सरळ जाते का मधेच उड्या मारते. चारही कोपऱ्यांत पोचते का. मग दांडा पिळून सोडा, पाच-सहा वेळा, दर वेळी त्याच जागी परत येतो का, इथेच चोर सापडतो. थ्रॉटलची पट्टी, प्रत्येक बटण, वरचा हॅट स्विच, म्हणजे अंगठ्याने सगळीकडे ढकलायचं छोटं बटण, आठही दिशांना. यात थोडी थरथर दिसली तर भाव पाडा, उड्या दिसल्या तर उठा.

आणल्यावर लगेच सगळी बटणं लावत बसू नका. आधी फक्त अ‍ॅक्सिस. पिच, रोल उजव्या स्टिकवर, यॉ पिळण्यावर, सरकण्याचे तीन डाव्या हाताला, थ्रॉटल घेतला असेल तर त्याच्यावर पुढे-मागे आणि बाकीचे दोन त्याच्यावरच्या छोट्या काडीवर किंवा हॅटवर. मग मोकळ्या जागेत जाऊन एखाद्या लघुग्रहाभोवती तोंड त्याच्याकडेच ठेवून प्रदक्षिणा घालायची, गोळी एक पण न मारता. हे जमेपर्यंत लढायला जायचंच नाही. त्यानंतर ज्या गोष्टी लढताना लागतात तेवढ्याच हाताखाली आणा, फायर, टार्गेट, बूस्ट, पॉवर, शिल्ड सेल. लँडिंग गिअर, कार्गो, दिवे राहू देत कीबोर्डवर, तिथे घाई नसते.

डेडझोन म्हणजे मध्यावरचा जो भाग गेम मोजतच नाही. हॉल सेन्सरच्या स्टिकला शून्यापासून सुरू करा आणि शिप आपोआप हलत असेल तरच थोडा थोडा वाढवा. गेमपॅडला थोडा जास्त लागतोच. कर्व्ह ही गेमपॅडवाल्यांची खरी दोस्त आहे, मध्याजवळ हालचाल मऊ आणि टोकाला तेज अशी वक्र रेषा लावली की छोट्या काडीवर पण बारीक नेम धरता येतो. गेममध्ये सोय नसेल तर स्टीमच्या कंट्रोलर सेटिंगमध्ये, म्हणजे स्टीम इनपुटमध्ये होतं. प्लेस्टेशनचा डुअलसेन्स किंवा डुअलशॉक ४ कंट्रोलर असेल तर स्टीम इनपुटमधून जायरो, म्हणजे तिरकेपणा ओळखणारा सेन्सर, पण चालू करून बघा, वळायचं काडीने आणि शेवटचा बारीक नेम कंट्रोलर किंचित तिरका करून, सवय झाली की सोडवत नाही. गेमपॅडवर बटणं कमी पडतात त्यावर उपाय एकच, एक बटण दाबून धरलं की बाकीची सगळी दुसरं काम करतात अशी जोडी लावायची. आणि पिच उलटा ठेवायचा का सरळ हे पहिल्याच दिवशी ठरवा. स्टिकवर मागे ओढलं की नाक वर हेच नैसर्गिक वाटतं, गेमपॅडवर ज्याची त्याची सवय, पण दोन्ही वापरणार असाल तर दोन्हीकडे सारखंच ठेवा.

सेटिंगची कॉपी ठेवा हे मात्र हात जोडून सांगतो. यूएसबीचा पोर्ट बदलला किंवा हब काढला की कधीकधी गेमला स्टिक नवीनच वाटते आणि सगळी बटणं गायब. एलिटच्या सेटिंगची फाइल लोकल अ‍ॅपडेटामध्ये फ्रंटियर डेव्हलपमेंट्सच्या फोल्डरात, एलिट डेंजरस, ऑप्शन्स, बाइंडिंग्ज अशा वाटेने जाऊन मिळते, ती उचलून ड्राइव्हवर टाकून ठेवा. स्टार सिटिझनमध्ये कंट्रोलच्या मेनूतच एक्सपोर्ट आहे. लॅपटॉपवाल्यांनी हब घेताना स्वतःचा अ‍ॅडॅप्टर असलेला घ्या, आणि कोणती वायर कुठल्या भोकात ते मार्करने लिहून ठेवा.

तर क्रम असा धरा. अजून काहीच नसेल तर गेमपॅड घ्या, तो इतर गेमलाही लागतो, आणि महिनाभर खेळा. एलिटच खेळताय, स्पीड सारखा बटणांनी कमी-जास्त करायचा वैताग येतोय आणि टेबल रिकामं असतं, तर होटास. स्टार सिटिझनमध्ये सरकून सरकून लढायची चटक लागली तर थ्रॉटलच्या भानगडीत न पडता सरळ दोन स्टिक. बरोबर विमानांचे सिम पण खेळत असाल किंवा व्हीआर हेडसेट घेतलाय, म्हणजे कीबोर्ड दिसतच नाही, तर स्टिककडे झुका, तिथे हाताला बटणं चाचपून सापडतात. आणि एकटी स्टिकच परवडते असं असेल तर ती उजव्या हाताला आणि गेमपॅडची डावी काडी डाव्या हाताला, असा जुगाड पण चालतो, एलिट एकाच वेळी दोन्ही डिव्हाइस घेतो, गेमपॅड टेबलावर उताणा ठेवून डाव्या अंगठ्याने सरकणं करायचं. दिसतं विचित्र. घरचे हसतील.